सुरेंद्रनाथ बानर्जींची बडतर्फी

१८९५ सालच्या डिसेंबरात पुण्यास राष्ट्रीय सभेचे अकरावे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी बाबू सुरेंद्रनाथ बानर्जी होते. त्यांच्या वक्तृत्वाची कीर्ती तोपर्यंत साऱ्या हिंदुस्थानभर पसरली होती. ज्या सरकारच्या कारभारावर ते टीका करीत, त्याच सरकारने एकवीस वर्षांपूर्वी त्यांना सिव्हिल सर्व्हिसमधून गैरवर्तनाच्या ठपक्याखाली बडतर्फ केले होते, हीही गोष्ट सुशिक्षितांस ठाऊक होती. मात्र तिचा अर्थ जो तो आपल्या पक्षाप्रमाणे लावी. देशभक्तांच्या दृष्टीने परक्या सरकारने काढून टाकणे हेच निर्दोषपणाचे प्रमाणपत्र होते. उलट सरकारच्या कैवाऱ्यांच्या दृष्टीने या गृहस्थाची सारी चळवळ म्हणजे गेलेल्या नोकरीचा राग होता. खुद्द प्रकरणाचे कागद उलगडून, कसूर काय होता, तो कितपत शाबीत झाला आणि शिक्षा त्याला साजेशी होती की नाही, हे शांतपणे पाहण्याची तसदी दोन्ही पक्षांनी सहसा घेतली नाही. ती तसदी घेण्याचा आमचा विचार आहे.

या विषयाकडे वळण्यास आणखीही एक कारण आहे. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरात कोणी ना कोणी नोकरीवर पोट भरणारे असते. आणि काहींच्या हाताखाली नोकरही असतात. नोकरास काढले ते योग्य झाले की अयोग्य, हा प्रश्न कचेरीत, शाळेत, दुकानात नित्य उभा राहतो, आणि त्याचा निकाल बहुधा तोंडावर किंवा नात्यावर लागतो. एका प्रसिद्ध प्रकरणाच्या निमित्ताने तो निकाल कसा लावावा याची काही रीत हाती लागली, तर ती घरगुती व्यवहारातही उपयोगी पडण्यासारखी आहे.

सुरेंद्रनाथांचा जन्म १८४८ सालचा. १८६८ साली रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त या दोघा स्नेह्यांबरोबर ते विलायतेस गेले व पुढच्याच वर्षी सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उतरले. त्या वर्षी या तिघांबरोबर आपल्या मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर हेही उत्तीर्ण झाले. त्यापूर्वी ही परीक्षा उतरलेला हिंदी मनुष्य एकच, सत्येंद्रनाथ टागोर. तेव्हा एकाच वर्षी चौघे उतरले ही गोष्ट केवढी होती हे लक्षात येईल. परंतु आनंद फार दिवस टिकला नाही. परीक्षेच्या अधिकाऱ्यांनी वयाची हरकत काढली. कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी सुरेंद्रनाथांनी आपले वय सोळा लिहिले होते. आपल्याकडे 'सोळावे चालू' असले म्हणजे सोळा म्हणण्याची चाल आहे. इंग्रजी रीतीने ती पुरी सोळा वर्षे धरली आणि त्या हिशेबाने उमेदवार वयाबाहेर गेला असे ठरवून अधिकाऱ्यांनी त्यांचे व ठाकुरांचे नाव यादीतून काढून टाकले. सुरेंद्रनाथांनी लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाचा कल स्पष्ट दिसताच अधिकाऱ्यांनी माघार घेतली, आणि दोघांचीही नावे पुन्हा यादीत आली. हा तंटा चालू असतानाच, १८७० साली, इकडे सुरेंद्रनाथांचे वडील वारले.

ही हकीकत पुढच्या प्रकरणाशी निकट संबद्ध आहे. नेमणुकीपूर्वी अन्याय झाला तेव्हा तो ज्याच्यापुढे मांडावा असे एक न्यायालय होते, त्याने दोन्ही बाजू ऐकल्या व चूक दुरुस्त झाली. नेमणुकीनंतर तसे काही राहिले नाही. नोकर हा राजाच्या मर्जीपुरता नोकर, हे इंग्रजी कायद्याचे जुने तत्त्व होते, आणि त्या मर्जीचा जाब कोणी न्यायाधीश विचारू शकत नसे.

१८७१ च्या अखेरीस सुरेंद्रनाथ सिल्हेटास असिस्टंट मॅजिस्ट्रेट म्हणून रुजू झाले. सिल्हेट तेव्हा बंगाल प्रांतात होते. आज ते बांगलादेशात मोडते. तेथील वरिष्ठ अधिकारी सदरलँड हे होते. त्यांचे व आपले संबंध प्रथम चांगले होते व पुढे बिघडले, असे सुरेंद्रनाथांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. ही एका पक्षाची साक्ष आहे हे ध्यानात ठेवूनच ती वाचली पाहिजे. परंतु पुढे जे घडले त्याची सुरुवात याच वरिष्ठांनी मागितलेल्या खुलाशापासून झाली, यात वाद नाही.

मूळ प्रकरण दिसण्यात अगदी लहान आहे. युधिष्ठिर नावाच्या एका इसमावर चोरीचा खटला सुरेंद्रनाथांपुढे चालू होता व तो बरेच दिवस रेंगाळला होता. ज्या खटल्यांतील आरोपी सापडत नाहीत त्यांची 'फरारी' म्हणून निराळी यादी कचेरीत ठेवीत. त्या यादीत गेलेला खटला तुंबलेल्या कामांत धरला जात नसे, आणि मग विलंब का झाला याचे कारण वरिष्ठांस द्यावे लागत नसे. १८७२ सालच्या शेवटच्या दिवशी युधिष्ठिराचे नाव या फरारी यादीत घालण्याचा हुकूम निघाला. हुकमावर सही सुरेंद्रनाथांची होती. आणि युधिष्ठिर फरारी झालेला नव्हता.

खुलासा मागितला तेव्हा सुरेंद्रनाथांनी सांगितले की, पेशकाराने इतर कागदांच्या गठ्ठ्याबरोबर हा कागद पुढे ठेवला आणि आपण तो न वाचता सही केली. सरकारपक्षाचे म्हणणे असे की, विलंबाचा जाब टाळण्यासाठी त्यांनी जाणूनबुजून खोटी नोंद करविली, आणि मागाहून माहीत नसल्याचे सांगितले तेही खोटेच. आरोपांचे शब्द अनेक होते; सार या दोन गोष्टींत होते. चौकशीसाठी तिघा अधिकाऱ्यांचे कमिशन नेमले गेले. चौकशी कलकत्त्यास व्हावी अशी सुरेंद्रनाथांची विनंती होती, ती मान्य झाली नाही. कमिशनने त्यांना दोषी ठरविले, आणि १८७४ साली भारतमंत्र्यांच्या मंजुरीने ते बडतर्फ झाले. दयेखातर दरमहा पन्नास रुपयांचा तनखा तेवढा देण्यात आला.

आता निवाड्याकडे वळू. असल्या प्रकरणात चार प्रश्न निरनिराळे विचारावयाचे असतात, आणि बहुतेक अन्याय त्यांची सरमिसळ केल्याने होतात, असे आमचे मत आहे. कृत्य घडले काय? ते कोणत्या बुद्धीने घडले? चौकशी निःपक्षपातीपणे झाली काय? आणि शिक्षा कृत्याच्या मानाने होती काय?

पहिल्या प्रश्नाला उत्तर सोपे आहे. हुकूम खोटा होता व सही खरी होती. सुरेंद्रनाथांनीही ते नाकारले नाही. परंतु येथे त्यांच्या चाहत्यांकडून नेहमी एक अन्याय होतो, तो दाखविणे आम्हांस अवश्य वाटते. 'एवढ्याशा कारकुनी चुकीसाठी' असे म्हणून ते पुढे जातात. मॅजिस्ट्रेटाची सही ही कारकुनी बाब नव्हे. जो मनुष्य पळालेला नाही त्याला कागदावर पळालेला ठरविणे म्हणजे त्याच्या अंगावर केव्हाही वॉरंट येऊ शकेल अशी तजवीज करणे होय. या साऱ्या प्रकरणात युधिष्ठिराची आठवण कोणी फारशी ठेवीत नाही. इतिहासात तो दुसऱ्याच्या चरित्रातील एक नाव होऊन राहिला आहे. तो गरीब होता की श्रीमंत, चोर होता की साव, हा प्रश्न नाही. त्याच्यासंबंधी सरकारी दप्तरात असत्य लिहिले गेले आणि ते लिहिले जाऊ नये याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याने ती पाळली नाही. न वाचता सही करणे हा मॅजिस्ट्रेटाच्या हातून घडलेला खरा कसूर होता, आणि त्याबद्दल काही शिक्षा होणे योग्यच होते.

दुसरा प्रश्न बुद्धीचा, आणि खरी मेख येथे आहे. निष्काळजीपणा आणि लबाडी यांत अंतर मोठे आहे. पहिल्याने मनुष्य कच्चा ठरतो, दुसरीने तो विश्वासास अपात्र ठरतो. सुरेंद्रनाथांचा हेतू खोटेपणाचा होता असे मानण्यास आधार एवढाच की, त्या नोंदीने विलंबाचा जाब टळणार होता. हा हेतू संभवनीय आहे हे नाकारता येत नाही. माणसे याहूनही क्षुल्लक कारणांसाठी खोटे बोलतात. परंतु संभवनीय आणि शाबीत यांत फरक आहे. नवशिक्या अधिकाऱ्यापुढे सायंकाळी कागदांचा ढीग येतो, मुरलेला पेशकार एकेक पान उलटून बोटाने जागा दाखवितो आणि साहेब सह्या करीत जातो, हा देखावा ज्याने कचेरी पाहिली आहे त्यास नवा नाही. वर्षाचा शेवटचा दिवस म्हणजे तर तक्ते पुरे करण्याची घाई. उलट, ज्याने आपल्या वयाच्या एका आकड्यासाठी विलायतेत न्यायालय गाठले आणि ज्याला ही जागा एवढ्या कष्टाने मिळाली, तो एका विलंबाचा खुलासा चुकविण्यासाठी ती पणास लावील, हे मनाला सहजी पटत नाही. हाही शेवटी तर्कच आहे; त्याने निर्दोषपणा सिद्ध होत नाही. सिद्ध एवढेच होते की संशयास जागा होती. संशयाचा फायदा आरोपीस द्यावा हा नियम सुरेंद्रनाथ स्वतः युधिष्ठिरास लावण्यास बांधलेले होते, तोच त्यांना लावला गेला पाहिजे होता.

येथे आणखी एक बारकावा आहे. खुलासा खोटा दिला हा आरोप पहिल्या आरोपाहून वेगळा दिसतो, पण पुराव्याच्या दृष्टीने तो वेगळा नाही. नोंद जाणूनबुजून केली असेल तरच 'माहीत नव्हते' हे म्हणणे खोटे ठरते. पहिली गोष्ट संशयित राहिली तर दुसरीही तितकीच संशयित राहते. एकाच अनुमानाचे दोन आरोप करून दोन्ही शाबीत झाले असे म्हटले की कसूर दुप्पट दिसू लागतो, पुरावा मात्र तेवढाच राहतो. नोकरांविरुद्धच्या चौकशांत ही युक्ती, कित्येकदा कोणाच्या मनात कपट नसतानाही, फार वेळा आढळते.

तिसरा प्रश्न चौकशीच्या रीतीचा. येथे सरकारच्या बाजूचे जे आहे ते सांगितले पाहिजे. अशा चौकशांसाठी कंपनी सरकारच्या वेळेपासून १८५० चा सदतिसावा कायदा होता. आरोप लेखी असावेत, नोकराने आपली बाजू वकिलामार्फत मांडावी, साक्षीदारांची उलटतपासणी व्हावी, अशी त्याची योजना होती. आणि सुरेंद्रनाथांच्या वतीनेही वकील उभा होता. त्या काळच्या खाजगी पेढीत किंवा एखाद्या संस्थानात नोकरास एवढेही मिळाले नसते. उणीव राहिली ती अशी की, चौकशी करणारे, आरोप करणारे आणि शिक्षा देणारे सारे एकाच सरकारचे अधिकारी होते. चौकशीची जागा आरोपीच्या अडचणीची होती. आणि कमिशनचा निर्णय झाल्यावर 'तुला बडतर्फ करण्याचा विचार आहे, त्यावर तुझे काय म्हणणे आहे' असे विचारण्याचे बंधन सरकारवर मुळीच नव्हते. सुरेंद्रनाथ १८७४ साली विलायतेस जाऊन दारोदार हिंडले. पण या वेळी जाण्यास न्यायालय नव्हते. ज्यांनी शिक्षा मंजूर केली त्यांच्याच कचेरीत अर्ज करावयाचा होता, आणि त्याचा जो निकाल लागावयाचा तोच लागला.

चौथा प्रश्न शिक्षेच्या मापाचा. असे धरून चालू की कमिशनने काढलेला निष्कर्ष बरोबर होता. तरीही नोकरीच्या दुसऱ्या वर्षातील तरुण अधिकाऱ्याच्या हातून घडलेल्या, कोणाच्या पैशाला धक्का न लागलेल्या एका नोंदीसाठी कायमची बडतर्फी हीच शिक्षा योग्य होती काय? ठपका देता आला असता, बढती रोखता आली असती, बदली करता आली असती. बडतर्फीचा अर्थ केवळ पगार बंद एवढाच नव्हता. ते बॅरिस्टर होण्यासाठी मिडल टेंपलमध्ये राहिले, तर १८७५ साली तेथील अधिकाऱ्यांनी याच बडतर्फीकडे बोट दाखवून सनद नाकारली. म्हणजे एका सहीने नोकरी गेली आणि तिच्याबरोबर वकिलीही गेली. आणि त्या पन्नास रुपयांचे काय? मनुष्य लबाड असेल तर त्याला सरकारी तिजोरीतून तनखा कशासाठी? आणि तो नुसता हयगय करणारा असेल तर त्याला बडतर्फ कशासाठी? दया दाखविणे म्हणजे अन्याय कबूल करणे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु शिक्षा देणाऱ्यांच्या मनालाच ती जड वाटली असावी, एवढे त्या रकमेवरून म्हणावेसे वाटते.

गोऱ्या अधिकाऱ्याच्या हातून हेच घडते तर त्याचे काय झाले असते, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. त्याचे उत्तर ठाम देण्यापूर्वी आपल्याकडील क्रॉफर्ड प्रकरण आठवावे. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट ज्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले ते आर्थर क्रॉफर्ड पुढे मध्य विभागाचे कमिशनर असताना त्यांच्यावर मामलेदारांकडून लाच घेतल्याचे आरोप आले, आणि १८८८-८९ साली त्याच १८५० च्या कायद्याखाली पुण्यास तिघांचे कमिशन बसले. कमिशनने लाचेचे आरोप शाबीत मानले नाहीत, कर्जे घेतल्याचे मात्र मानले. आणि क्रॉफर्ड नोकरीतून गेले. तेव्हा गोऱ्यास कधी शिक्षा झालीच नाही असे म्हणता येत नाही. पण त्या प्रकरणात एकेक आरोप वेगळा काढून, संशय असेल तेथे संशयाचा फायदा देण्याची जी काळजी घेतली गेली, ती सिल्हेटच्या प्रकरणात दिसत नाही. शिवाय त्याच प्रकरणात, अभय मिळाल्याच्या भरवशावर ज्या मामलेदारांनी आपण पैसे दिल्याची साक्ष दिली त्यांच्यापैकी काहींना पुढे नोकरी गमवावी लागली. त्यांच्या बाजूने टिळकांनी पुण्यास जी खटपट केली ती प्रसिद्धच आहे. दिलेला शब्द मोडून केलेली बडतर्फी, मग कसूर खरा का असेना, न्याय्य होत नाही, हा त्या खटपटीतला मुद्दा होता. आणि तो आजही तितकाच खरा आहे.

सुरेंद्रनाथांची उणीव कायद्याने हळूहळू भरून काढली. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यात असे कलम आले की, योजलेल्या शिक्षेविरुद्ध कारण दाखविण्याची वाजवी संधी दिल्यावाचून मुलकी नोकरास बडतर्फ करू नये. पंजाबातील सिव्हिल सर्व्हिसचे एक अधिकारी आय. एम. लाल १९४० साली बडतर्फ झाले होते. चौकशी झाली, पण शिक्षेबाबत त्यांना ही संधी मिळाली नाही, म्हणून १९४८ साली प्रिव्ही कौन्सिलने ती बडतर्फी निरर्थक ठरविली. राजाच्या मर्जीचा जाब विचारणारे न्यायासन अशा रीतीने अखेर सापडले. १९५० च्या घटनेत तेच संरक्षण ३११ व्या कलमात आले. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षेबाबतची वेगळी संधी काढून टाकली; पण चौकशीच्या अहवालाची प्रत नोकरास दिलीच पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली ठरविले, आणि मनाला धक्का बसावा इतकी शिक्षा विषम असेल तर न्यायालय हात घालू शकते, हे १९९५ साली सांगितले. गिरण्या-कारखान्यांतील कामगारांसाठीही १९७१ साली कायद्यात असे कलम घालण्यात आले की, बडतर्फी फार कडक वाटल्यास न्यायाधिकरणाने तिच्या जागी हलकी शिक्षा द्यावी. हे सारे १८७४ साली असते तर सुरेंद्रनाथ कदाचित ठपका खाऊन सिल्हेटासच राहिले असते.

मग ते राष्ट्राचे पुढारी झाले नसते, तेव्हा झाले ते बरेच झाले, असे कोणी म्हणेल. बडतर्फीनंतर ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यांना आपल्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये दरमहा दोनशे रुपयांवर इंग्रजीचे अध्यापक नेमले. १८७६ साली इंडियन असोसिएशन निघाली. पुढे राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद त्यांना दोनदा मिळाले. १९२१ साली ते त्याच बंगालचे मंत्री झाले. हे सर्व खरे. पण या विचारसरणीला आमचा विरोध आहे. नंतर काय पिकले यावरून पेरणाऱ्याचा हेतू शुद्ध ठरत नाही, आणि बडतर्फ झालेला मनुष्य पुढे मोठा झाला म्हणून तो पूर्वी निर्दोष होता असेही ठरत नाही. ज्या कारकुनाला काढल्यावर विद्यासागर भेटत नाहीत, ज्याच्या जिभेवर वक्तृत्व नाही आणि ज्याचे आत्मचरित्र कोणी छापीत नाही, त्याच्या प्रकरणालाही हीच तराजू लागली पाहिजे. तशी माणसे हजारो होऊन गेली. त्यांच्या बाजूने बोलणारा कागद दप्तरात उरलेला नाही.

म्हणून आमचा निवाडा असा. सुरेंद्रनाथांनी न वाचता सही केली. तेवढ्यापुरते ते दोषी होते, आणि युधिष्ठिराच्या दृष्टीने पाहता तो दोष लहान नव्हता. त्यांनी लबाडी केली, हे निःसंशय ठरले नव्हते. जे ठरले होते त्याची शिक्षा ठपक्याहून फार जड असावयास नको होती. जी दिली ती जे ठरले नव्हते त्याची दिली. ही बडतर्फी आम्ही अन्यायाची समजतो. सुरेंद्रनाथ पुढे कोण झाले हे ज्याला ठाऊक नाही, अशा वाचकानेही हे कागद पाहून याच निर्णयास यावे, असे आम्हांस वाटते.